तंतू कुठवर आला

आता ते प्रथिन पार्सलनं येतं. बर्फाच्या डब्यात, नखाएवढ्या काचेच्या कुपीत. कुपी उजेडाकडे धरली तर तळाशी पांढरट पापुद्रा दिसतो, नाहीतर ती रिकामीच वाटते. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशीत घालून तिच्याकडून ते करवून घेतात, आणि कुपीवर लिहिलेलं असतं की हे फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी आहे, माणसांवर वापरू नये. मज्जातंतू वाढवणारं प्रथिन. मी कामाला लागले तेव्हा ही चैन नव्हती. तेव्हा ते उंदरांकडून मिळवावं लागे, त्यातही नर उंदरांकडून, कारण त्यांच्या जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथींत ते भरपूर असतं. तिथेच का असतं, हे तेव्हा कुणाला नीट सांगता येत नव्हतं. मला विचाराल तर अजूनही येत नाही.

महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती. मी पुण्यातल्या एका संस्थेत संशोधन सहायक म्हणून लागले होते. गावाकडे, म्हणजे धामणगाव बढ्याला, याचा अर्थ मुलगी औषधाच्या कारखान्यात नोकरीला आहे असा लावला गेला, आणि मी तो फारसा खोडला नाही. पुण्यात माझी अडचण वेगळी होती. मी "जाते"च्या जागी "जातो" म्हटलं की लोक हसत. वर्षभरात मी सुधारले. मलकापूरला गाडीतून उतरून धामणगावच्या बसमध्ये बसले की जीभ पुन्हा आपली आपण घरच्या वळणावर येई, ते मात्र मी कधी सुधारू दिलं नाही.

कामाची रीत अशी. ग्रंथी वाटायच्या, गाळायच्या, पुन्हा गाळायच्या, थंड खोलीत कुडकुडत बसायचं. शेवटी जे काही उरे ते कोंबडीच्या अंड्यातल्या आठवडाभराच्या गर्भाच्या मज्जागाठीवर घालून बघायचं. ही गाठ खसखशीच्या दाण्याएवढी. प्रथिन नीट उतरलं असेल तर दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्या दाण्याच्या चारी बाजूंनी तंतू फुटलेले दिसत. उतरलं नसेल तर दाणा दाणाच राही, आणि आमचे सर दुपारपर्यंत कुणाशी बोलत नसत.

बाबा कापसाचे पारखी होते. शेतकऱ्याची गाडी आली की ते गाडीत खोलवर हात घालून मूठभर कापूस काढत, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून ओढत, आणि ओल किती, धागा केवढा, वेचणी पहिली की शेवटची हे सांगून मोकळे होत. डोळे तेव्हा भलतीकडेच असत. घेणारा आणि विकणारा, दोघंही त्यांचं ऐकत. त्यानंतर भाव ठरे, तोही त्यांच्याच हातावर. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नसत. दोन हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली घेणाऱ्यानं समोरच्याची बोटं धरायची. दोन बोटं धरली तर दोन, चार धरली तर चार, सगळा पंजा धरला तर पाच. हा आकडा कुठल्या शेकड्याच्या वर मोजायचा, हे दोघांना माहीत असे. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नसे. कायद्यानं याला मनाई होती म्हणतात, पण रुमालाला ते कुणी कळवलं नव्हतं. एक गोष्ट मात्र पक्की होती, सौद्याला उजवा हात लागे. डावा पुढे करणं म्हणजे समोरच्याचा अपमान.

होळीच्या सुमारास मलकापूरला, कापूस दाबून गाठी बांधायच्या प्रेसमध्ये, एका गाठीवरून वाद झाला. बाहेरचा कापूस एक आणि आतला दुसराच, अशी तक्रार होती. गाठ उघडायची ठरली. कापसाच्या गाठीला लोखंडी पट्ट्या ताणून बांधलेल्या असतात, कापली की पट्टी उसळते. हे बाबांना ठाऊक नसेल असं नाही. पण आतला कापूस आपल्या हाताला आधी लागावा ही त्यांची जुनी खोड होती, आणि ते जिथे उभं राहू नये तिथे उभे राहिले. पट्टी त्यांच्या उजव्या मनगटावरून गेली.

जखम शिवली गेली, भरलीही. सगळ्यांना वाटलं, निभावलं. मग एके दिवशी चहाचा पेला त्यांनी हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. आईला कातडी पोळल्याचा वास आला. बाबांना काहीच जाणवलं नव्हतं. अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट पार मेलं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं जागं होतं. नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मनगट पुन्हा उघडून तुटलेल्या नसेची दोन टोकं शोधली आणि जोडली. ते म्हणाले, जोडली म्हणजे चालू झाली असं नाही. पुढचा तंतू मरतो, नवा तंतू सांध्यापासून निघतो आणि मुंगीपेक्षाही सावकाश पुढे सरकतो. बोटांच्या टोकापर्यंत पोचला तर पोचला. मनगटापासून पुढे टिचकी मारत जा, जिथे मारल्यावर बोटांत झिणझिण्या येतील तिथवर तंतू आला असं समजा.

हे मी पुण्यात रोज काचेच्या बशीत बघत होते. तिथे एका रात्रीत होणारी गोष्ट बाबांच्या हातात ऋतू घेणार होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा आईनं त्या टिचकीचा नेम करून टाकला होता. सकाळचा चहा झाला की बाबा ओसरीवर बसत, आई समोर बसे, त्यांचा पालथा हात मांडीवर उताणा करून घेई आणि मनगटापासून टिचक्या मारत निघे. जिथे बाबा "हां" म्हणत तिथे ती कुंकवाचा ठिपका ठेवी. हात धुतला की ठिपका जाई, पण तिच्या लक्षात राही. तळहाताच्या कोणत्या रेघेपर्यंत आपण आलो हे ती कुणालाही न बघता सांगू शकत असे.

"पानी कुठवर आलं?" बाबा विचारत. वाफ्यात पाणी सोडल्यासारखं.

"मधल्या रेघेवर हाय. आज नाही सरकलं."

"तू दारं नीट धरत नाही."

एरवी एकमेकांशी कामापुरतं बोलणारी ही दोन माणसं. रोज सकाळी ती अशी हातात हात घेऊन बसलेली बघताना मला संकोच व्हायचा. गल्लीतल्या बायका जाता-येता बघत. पुरुषाच्या तळहातावर कुंकू हे काय प्रकरण आहे, असं एकीनं विचारलंच. आईनं सांगितलं, नवस हाय.

त्या सुट्टीत मी एक फोटो घेऊन गेले होते, तंतू फुटलेल्या मज्जागाठीचा. आमच्या प्रयोगशाळेत इतका देखणा नमुना तोवर निघाला नव्हता आणि मला तो मिरवायचा होता. बाबांनी फोटो डाव्या हातात धरला, लांब नेला, जवळ आणला.

"हे तं सरकी हाय," ते म्हणाले.

"सरकी नाही हो, बाबा. कोंबडीच्या पिल्लाची मज्जागाठ हाय. तिले आपलं प्रथिन घातलं तं असे तंतू फुटते."

"कशाची का असेना. इंचरून ठेवलेली सरकीच हाय." ते उठले, फडताळातून सरकीसकट कापसाची एक पुडी आणि लहान फणी आणली. फणी उजव्या हातात राहीना, म्हणून सरकी गुडघ्यावर दाबून डाव्या हातानं तिच्यावरचा कापूस चारी बाजूंना विंचरला आणि फोटोशेजारी ठेवली. खरोखरच वेगळं काही दिसत नव्हतं. मध्ये काळा दाणा आणि भोवती पांढऱ्या तंतूंचं कडं.

"पन धागा आखूड हाय तुह्या मालाचा," त्यांनी निकाल दिला. "याले गिऱ्हाईक नाही भेटनार."

मी हसले. पण आई हसली नाही. ती फोटोकडे बघत होती, आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. ते विचारायला तिनं दुसऱ्या दिवसापर्यंत दम धरला. मी विहिरीवर कपडे धूत होते तिथे आली.

"ते टाकलं की तंतू फुटते म्हन्ते तू. मंग आनत काऊन नाही ते औषध?"

"औषध नाही ते, आई."

"मंग काय हाय?"

मी सांगितलं. उंदीर, जबडा, ग्रंथी, अंड्यातलं पिल्लू, सगळं. सांगताना मुद्दाम थोडं जास्तच सांगितलं, कारण तिनं स्वतःच नको म्हणावं अशी माझी इच्छा होती. तसंच झालं. उंदराचं नाव निघताच तिनं पदर नाकाला लावला.

"आन्लं तरी माह्या सैपाकघरात नाही ठेवू देनार मी ते," असं म्हणून ती निघून गेली. मी निर्धास्त झाले.

परतीच्या दिवशी बसच्या थांब्यावर ती माझ्या हातात शिदोरी देत खालच्या आवाजात म्हणाली, "उंदराचं असू दे. मी त्याईले सांगनार नाही कशाचं हाय ते. आनशीन का?"

मला तेव्हा फार वाईट वाटलं. तिला काय सांगणार होते मी? की शे-दीडशे उंदरांमागे जेवढं मिळतं तेवढ्यानं चार बश्याही नीट भरत नाहीत? की ते माणसाच्या अंगात कुणी घालून पाहिलेलं नाही, आणि बाबांच्या हातात गेलं तर तंतू फुटतील की ताप चढेल हे कुणालाच ठाऊक नाही? मी "नाही आनता येत, आई" एवढंच म्हटलं. तिनं मान डोलावली. बस सुटेपर्यंत ती माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिली.

पुण्यात परत गेल्यावर थंड खोलीतली प्रथिनाची नळी मी हातात घेऊन बघितली नाही असं नाही. बघितली, आणि जागेवर ठेवली. यात काही थोर त्याग नव्हता. मला भीती वाटत होती, आणि ती योग्यच होती. पुढे पुष्कळ वर्षांनी माणसाचं प्रथिन तयार करता येऊ लागलं आणि ते रोग्यांना टोचून पाहिलं गेलं, तेव्हा लोकांना दुखायलाच लागलं, चांगलं सडकून. ज्या तंतूंना ते वाढवतं ते दुखणं वाहून नेणारे तंतू. आज त्याच प्रथिनाला अडवून वेदना थांबवता येईल का, यावर माणसं आयुष्यं घालवतायत. म्हणजे आम्ही ज्याच्या मागे जिवाचं रान केलं, ते दुखण्याचंही प्रथिन निघालं. सर हयात असते तर दुपारपर्यंतच काय, आठवडाभर बोलले नसते.

दिवाळीला गेले तेव्हा ठिपका बोटांच्या मुळाशी पोचला होता. वरून हात अगदी धड दिसत होता, मनगटावरचा आडवा वण सोडला तर. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. एका सकाळी बाबांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि आईनं ठेवलेला ठिपका धोतराच्या सोग्याला पुसला.

"कुठी चालले?" आईनं विचारलं.

"येतो जरा बाजारातून."

"हात?"

"हाताले काय झालं? हात हाय जागेवर."

बाजारात काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. ते उन्हं डोक्यावर यायच्या आत परतले आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजले. झालं काय ते आम्हाला संध्याकाळी कळलं, आणि ज्यांच्याशी सौदा झाला त्यांच्याच तोंडून. हे गावातले जुने मुसलमान व्यापारी. त्यांची आणि बाबांची रुमालाखालची ओळख माझ्या जन्माच्या आधीची. ते कधी आमच्या ओसरीच्या आत येत नसत, त्या दिवशीही आले नाहीत. जोडे काढून कडेला टेकले. आईनं चहा दिला, तो त्यांनी बराच वेळ तसाच ठेवला.

"भाभी, खुदा गवाह हाय, मी चार बोटं धरली," ते म्हणाले. "भाऊ म्हन्ते, इतक्या वर्षांचा घरोबा अन् दोनच? मले वाटलं, गंमत करून राह्यले. मंग पुरा पंजा धरला. माल तसा होता, पाचाचाच होता. तं भाऊचं तोंड लालबुंद. म्हन्ते, अजूनबी दोनच? अन् शेतकरी बैल जुपाले निघाला."

मी मनातल्या मनात हिशेब केला, तो सोपा होता. पंजा धरला काय आणि चार बोटं धरली काय, बाबांपर्यंत करंगळी आणि तिची शेजारीणच पोचत होती. जिथे पाच होते तिथे त्यांना दोन कळत होते. आणि हात मेला आहे हे ते सांगू शकत नव्हते, कारण मेलेल्या हाताचा पारखी कुणाच्या कामाचा?

"मंग मी भाऊच्या तोंडाकडं पाह्यलं," व्यापारी म्हणाले. "अन् समजलं मले. मंग मी रुमाल काढला."

आईनं विचारलं, "सगळ्याईसमोर?"

"सगळ्याईसमोर. अन् भाव तोंडानं बोललो."

हे ज्यांनी आमचा बाजार पाहिलेला नाही त्यांना कळणार नाही. भाव तोंडानं बोलणं हे भर बाजारात अंगावरचं वस्त्र काढण्यासारखं होतं. मला त्या माणसाचा संताप आला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "काका, तुमाले एवढं समजलं तं दबक्या आवाजात सांगता नसतं आलं? रुमाल काऊन काढला?"

ते माझ्यावर रागावले नाहीत. "बेटी, शेतकरी समोर हुबा होता. त्याले वाटलं असतं, दोघं मिळून काहीतरी ठरवून राह्यले. तुह्या बापावर आजवर कोनी असा शक नाही घेतला. मी घेऊ देऊ का?" मग चहा एका घोटात पिऊन ते उठले. "भाऊले सांगा, हात जागा झाला की माह्या गादीवर त्याईची जागा हाय. दुसरा पारखी नाही बसवत मी. पुढच्या हंगामालोक वाट पाह्यतो."

हे सगळं आतल्या खोलीत ऐकू जात होतं. बाबांनी कूस बदलल्याचा आवाज आला. माझा राग दोन दिवसांत गेला. ते बरोबर होते. पण बरोबर असलेल्या माणसाविषयी लगेच प्रेम वाटतं असं नाही.

आता सगळं त्या पुढच्या हंगामावर येऊन ठेपलं. आईनं टिचक्यांचा नेम सोडला नाही. पावसाळ्यात, मी नसताना, हात दुखायला लागला. आधी मुंग्या, मग चटके. रजई लागली तरी बाबा ओरडत. घराघरांत बातमी गेली की हात बिघडला. मी पुण्याहून निरोप पाठवला की बिघडला नाही, तंतू पोचतायत, दुखणार. आईनं गावातल्या मारुतीला नारळ फोडला. नवऱ्याला दुखतंय म्हणून नारळ फोडणारी ती पंचक्रोशीत एकटीच असावी.

दुसऱ्या दिवाळीला मी गेले तेव्हा ठिपका उरला नव्हता, तो बोटांच्या टोकावरून पार झाला होता. आता सकाळचा नेम वेगळा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळे मिटून बसायचं, दुसऱ्यानं बोट धरायचं आणि कुठलं ते ओळखायचं. चहा झाला. बाबांनी डोळे मिटले.

"हे कोनतं?"

"मधलं."

"हाव. हे?"

"अंगठा."

"हाव. अन् हे?"

"पहिलं. अन् आता पुन्हा मधलं धरशीन तू, सांगून ठेवतो."

आई हसली. एकही उत्तर चुकलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, तुझ्या उंदरांवाचून झालं की नाही, अशा नजरेनं. मला इतका आनंद झाला की मी उठून सर्वांसाठी पुन्हा चहा टाकला. बाजार दोन दिवसांवर होता.

पण मी जे काम करत होते त्या कामाची एक वाईट सवय अंगाला लागते. दुपारी माझ्या डोक्यात आलं की आई बोटं एकाच क्रमानं धरते. मधलं, अंगठा, पहिलं, पुन्हा मधलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर खरंच तोच क्रम. अशा चाचणीला आमच्या प्रयोगशाळेत कुणी चाचणी म्हटलं नसतं. आई दळण घेऊन गेली तेव्हा मी बाबांना म्हटलं, "बाबा, डोये मिटा. मी धरतो आता."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले.

मी पहिलं बोट धरलं.

"मधलं," ते म्हणाले.

मी अंगठा धरला. ते थांबले. "हे... पहिलं."

मी मधल्या बोटाचं टोक दाबलं. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आणि माझ्या न बोलण्यावरूनच त्यांना कळलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"चुकलं नं?"

"हाव."

"मले मालूम हाय. लागते सगळं, पन भलतीकडं लागते. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या घरी पडते."

हे होतं. तंतू वाढतो, पण आपण पूर्वी कुठल्या बोटाला होतो हे त्याला आठवत नाही. सांध्यातून निघाला की जी वाट मोकळी सापडेल तिच्यात घुसतो. आमच्या बशीतही तंतू चारी दिशांना जात, आणि आम्ही लांबी मोजून खूश होत असू. जाऊन पोचायचं कुठे, हा प्रश्न तिथे नव्हताच. मी हे त्यांना समजावू लागले, मेंदू हळूहळू शिकतो वगैरे. त्यांनी हात काढून घेतला.

"शिकन तं शिकन. रुमालाखाली शिकाऊ मानूस चालत नाही." मग म्हणाले, "शेठले मी निरोप देल्ला परवाच. त्याईच्या गादीवर नाही येत म्हनून. त्याईनं दुसरा पारखी पाहावा. तुह्या आईले सांगतलं की डोये साथ देत नाही आता. ते पटते तिले, वयाचं हाय म्हनून. हाताचं नोको सांगू. लय कष्ट घेतले तिनं या हातावर."

मी नाही सांगणार म्हटलं. मग उठून आत गेले.

आई दळण घेऊन आली होती आणि परातीत पीठ काढत होती. वडिलांना दिलेला शब्द मी पाळणारच होते. पण त्या चाचणीचं काय करायचं हे मला कळेना. ती रोज खोटी उत्तरं खरी मानून खूश व्हायची, हे मला बघवलं नसतं. मी नुसतंच, सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आई, तू बोटं एकाच क्रमानं धरते. कधी बदलून पाह्य."

ती पीठ काढायची थांबली नाही.

"पाह्यला वं बदलून. पोळ्याच्या आधी."

"मंग?"

"निम्मे चुकले. त्या दिवशी जेवले नाही ते. रात्रीबी नाही जेवले." तिनं परातीच्या कडेवर हात झटकला. "मंग दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यावानीच धरतो मी."

बाहेर ओसरीवर बाबा खाकरले.

"तू धरला होता का हात, मी नसताना?" तिनं विचारलं.

"हाव."

"चुकले?"

मी मान डोलावली. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, रागानं नाही, पण मायेनंही नाही. मग म्हणाली, "आता नोको धरू तू त्याईचा हात. मी धरतो."

दुसऱ्या दिवशी बाजाराचा दिवस होता. चहा झाल्यावर बाबा ओसरीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या. आईनं त्यांचा हात मांडीवर घेतला आणि मधलं बोट धरलं, मग अंगठा, मग पहिलं. बाबा एकामागून एक बरोबर सांगत गेले, आणि ती प्रत्येक वेळी "हाव" म्हणत गेली.